पोटातली झाडलोट

आमच्या नानांच्या पोटात कोण कोण राहतं याची पहिली शिरगणती झाली ती गणपती बसायच्या आदल्या आठवड्यात. साताऱ्याच्या दवाखान्यात त्यांना चिंचोक्याएवढी एक गोळी गिळायला दिली. ही गोळी विरघळत नाही. लहान आतड्याच्या भिंतीला चिकटून महिना-दीड महिना बसते, तिथला वायू हुंगते, आतड्याची हालचाल मोजते आणि सगळी खबर दवाखान्यातल्या यंत्राला पोचवते. तिथली माणसं तिला 'टेहळ्या' म्हणतात. नानांनी ती पाण्याबरोबर गिळली आणि मला म्हणाले, "घ्या. आता पोटात पण सीसीटीव्ही आला."

नाना म्हणजे धनाजी निकम, माझे यजमान. सगळं कोरेगाव त्यांना नाना म्हणतं, म्हणून मीही म्हणते. विकास सोसायटीतून सेक्रेटरी म्हणून रिटायर झाले, पण त्यांचं खरं काम सोयरिकी जमवण्याचं. कोरेगाव, खटाव, माण या तीन तालुक्यांत निकम नाना मध्ये असले की लग्न मोडत नाही, असा लौकिक. आता पत्रिकेपासून पगारापर्यंत सगळं यंत्र जुळवून देतं, वर टक्केवारीही सांगतं. पण सासू बोलायला कशी आहे, मुलगा चिडला की ताट सरकवतो का, हे यंत्राला कुठून कळणार? त्यासाठी अजून माणूसच लागतो, आणि तो माणूस म्हणजे आमचे नाना. मी वैजयंता. जन्मभर हायस्कुलात विज्ञान शिकवलं, त्यामुळे दुसऱ्याच्या उत्तरातली चूक शोधायची खोड काही जात नाही.

नानांचं दुखणं तसं जुनं होतं. काही खाल्लं की पोट ढोलासारखं फुगायचं. ढेकरा यायच्या, एक दिवस जुलाब तर दोन दिवस काहीच नाही. वजन उतरलं, पायाला मुंग्या यायला लागल्या. गावातल्या डॉक्टरांनी आधी ॲसिडिटी म्हटलं, मग वय म्हटलं. शेवटी मी त्यांना डॉ. समीना मुल्लाकडे नेलं. समीना माझीच विद्यार्थिनी. वर्गात प्रश्न विचारून जीव नकोसा करायची, तेव्हाच मला कळलं होतं की ही पुढे काहीतरी करणार.

तिनं जे सांगितलं ते मी माझ्या भाषेत सांगते. लहान आतडं म्हणजे घरातलं स्वयंपाकघर आणि मोठं आतडं म्हणजे मागचं परसू. जिवाणूंची वस्ती परसात असावी, तिथं ते आपल्या उपयोगाचेही असतात. नानांच्या बाबतीत ते परसातून थेट स्वयंपाकघरात शिरले होते. अन्न अंगी लागायच्या आत तेच त्यावर ताव मारायचे आणि वायू सोडायचे. आता ते एरवी आत का शिरत नाहीत? कारण तिथं झाडलोट होते. पोट रिकामं असलं की दर दीड-दोन तासांनी जठरापासून एक लाट सुटते आणि उरलंसुरलं सगळं झाडत खाली नेते. पोटात घास पडला की ती थांबते. पंगत बसलेली असताना कोणी केर काढत नाही, तसंच हे.

"बाई, टेहळ्या जे सांगेल त्यावरून यंत्र नानांच्या आतड्याचं एक जुळं बनवणार," समीना म्हणाली. "हुबेहूब, पण यंत्रातल्या यंत्रात. मग प्रत्येक उपाय आधी त्या जुळ्यावर करून बघायचा. फक्त नानांनी रोज काय खाल्लं ते फोनला खरंखरं सांगायचं."

"खोटं कशाला सांगू?" नाना म्हणाले.

आणि खोटं त्यांनी सांगितलंही नाही. संध्याकाळी फोन विचारायचा आणि नाना शिस्तीत उत्तर द्यायचे, "सकाळी भाकरी-भाजी. रात्री दूध-भात, तो पण थोडकाच. मधे काही न्हाई." मी शेजारी घेवडा निवडत बसलेली असायची. सगळं ऐकायची, आणि मलाही त्यात काही चुकीचं वाटायचं नाही.

दसरा झाल्यावर समीनानं बोलावलं. पडद्यावर नानांचं जुळं दिसत होतं, गुलाबी, वेटोळं घातलेलं, निपचित. तिचा चेहरा गंभीर होता.

"नाना, तुमची झाडणारी लाट जवळजवळ बंद आहे. दोन वेळा जेवणारा माणूस, मधे इतका रिकामा वेळ, तरी लाट सुटत नाही. यंत्र म्हणतं, तिची नस मेली आहे."

"मग?"

"उपाय आहेत. जिवाणूंवरची जी गोळी मी आधी दोनदा दिली होती, तीच परत देता येईल. ती रक्तात फारशी जात नाही, आतड्यातच राहून जिवाणू मारते. पण झाडलोटच नसेल तर चार महिन्यांत परत ये रे माझ्या मागल्या. नाहीतर दोन-तीन आठवडे नुसतं पेय घ्यायचं. त्यात अन्न आधीच इतकं बारीक तोडलेलं असतं की ते वरच्या वर शोषलं जातं आणि जिवाणू उपाशी मरतात. त्या काळात दुसरं काहीही खायचं नाही."

"चवीला कसं असतं?"

"मी एकदा घेऊन बघितलं होतं. सांगत नाही."

नाना हसले. मग समीना पथ्याकडे वळली. कांदा, लसूण, गहू, कडधान्यं बंद. त्यानं त्रास कमी होतो, पण मूळ जात नाही. कांदा म्हटल्यावर नानांचा चेहरा असा पडला की कोणाला वाटावं, घरात काही वाईट घडलं.

"आणि शेवटचा उपाय नवा आहे, दोऱ्याचा," समीना म्हणाली. "आतड्याच्या भिंतीत केसासारखा एक दोरा बसवायचा. तो ठरलेल्या वेळी विजेचा हलका झटका देतो आणि लाट सोडतो, पोट भरलेलं असो की रिकामं. जुळ्यावर हा सगळ्यात छान चालला. दहात नऊ. पण एकदा बसवला की बसवला. आपल्या नसा वर्षभरात काम सोडून देतात, मग तो काढता येत नाही. आणखी एक. आपली लाट सुटते तेव्हाच मेंदूला भुकेचा निरोप जातो. दोऱ्याची लाट निरोप नेत नाही. चव कळेल, जेवता येईल. भूक मात्र पुन्हा कधी लागणार नाही."

नाना मोठ्यानं हसले. "मग बेसच की. तशी पण कुठं लागती?"

त्यांनी तिथंच होकार दिला. दिवाळीनंतरची तारीख ठरली.

घरी येताना माझ्या डोक्यात ते एकच वाक्य घोळत होतं. तशी पण कुठं लागती. खरंच, हा माणूस शेवटचं कधी म्हणाला होता, भूक लागलीय म्हणून? लग्न झालं तेव्हा सोसायटीतून सायकलवर यायचे आणि दारातूनच हाक द्यायचे, "वैजू, वाढ." मी आत तव्यावर भाकरी टाकलेली असायची. मग सोयरिकींचं काम वाढलं आणि ती हाक कधी बंद झाली ते कळलंही नाही. ताटावर बसायचे ते माझं मन राखायला. अर्धी भाकरी चिवडायची, भात सारखा करायचा, उठायचं. आधी मला राग यायचा. मग वाटायला लागलं, माझ्याच हाताची चव गेली. एकदा तर मी लपून जाऊबाईंना विचारलं होतं, माझ्या आमटीत काही कमी असतं का. मग सवय झाली आणि मी दोघांचा स्वयंपाक दीड माणसाचा करायला लागले.

दुसऱ्या दिवशी मी समीनाला फोन केला. "मला यंत्राचं उत्तर नको. कच्चं काम पाठव."

ती हसली, पण तिनं पाठवलं. टेहळ्यानं दीड महिना काढलेली रेघ होती ती. सुरुवातीला सपाट, एखादी लाट उठू बघायची आणि मोडायची. शेवटीही तसंच. पण मधोमध काही दिवस लाटा उठल्या होत्या, एकामागून एक, अंतर राखून, डोंगर काढायला शिकलेल्या पोरानं वही भरावी तशा. यंत्रानं त्या भागावर शेरा मारला होता की टेहळ्या जागचा हलला असावा, म्हणून हे दिवस हिशेबात धरलेले नाहीत.

मेलेली नस पंधरवडाभर जिवंत होऊन परत मरत नसते. माझ्या वर्गात कोणी असं न जुळणारं निरीक्षण खोडून टाकलं असतं, तर मी त्याला बाकावर उभं केलं असतं. मी भिंतीवरच्या कॅलेंडरसमोर गेले. लाटा सुरू झाल्या गणपती गेल्यावर आणि थांबल्या घटस्थापनेला. म्हणजे पितृपंधरवडा. त्या दिवसांत आमच्याकडे लग्नाचा विषय कोणी तोंडातून काढत नाही. नाना घरातच होते, कंटाळून अंगणात फेऱ्या मारत. कोणाकडे म्हाळाचं जेवण असलं तर दुपारी एकदा जाऊन यायचे, तेवढंच.

नाना व्हरांड्यात पेपर वाचत होते. मी समोर जाऊन बसले.

"परवा वडूजला गेला होता. तिथं काय खाल्लं?"

"काही न्हाई."

"काहीच नाही?"

"च्या झाला. पोहे आणले, चार घास घेतले. मग पोरीच्या चुलत्याकडं पाय लावायला गेलो, त्यांनी हातावर लाडू ठेवला. तो काय टाकायचा? येताना पुसेगावात मोहिते भेटले, परत च्या."

"हे फोनला सांगितलंत?"

"अगं, ते काय खाणं हाय का?" नानांनी पेपर खाली घेतला. "तो मान असतो."

मी ओरडायला तोंड उघडलं आणि मिटलं. कारण मीही तशीच. हळदीकुंकवाहून डाळ-पन्हं घेऊन घरी येते आणि म्हणते, सकाळपासून पोटात काही नाही. आपल्याकडे दुसऱ्याच्या घरी तोंडात टाकलेलं पोटात जातच नाही. नाना रोज पाच-सहा घरं करायचे. प्रत्येक घरी चहा, चार घास, एखादी वडी. लाट उठायची आणि पुढच्या घरचा चहा तिला थांबवायचा. नस मेलेली नव्हती. बिचारीला केर काढायला सवडच मिळत नव्हती.

समीनानं मान हिशेबात धरून जुळं पुन्हा चालवलं. या वेळी यंत्राचं उत्तर बदललं. नस शाबूत आहे. गोळीचा एक कोर्स आणि त्यानंतर दोन जेवणांच्या मधे पाच तास पाण्याशिवाय काही नाही. एवढं पाळलं तर दहात सात.

"आणि दोऱ्याचं?" नानांनी विचारलं.

"ते आहे तसंच. दहात नऊ."

"मग दोराच."

मला वाटलं होतं, प्रश्न सुटला. गाडीत बसल्यावर आमचं भांडण झालं, लग्नानंतरच्या पहिल्या वर्षात व्हायचं तसं.

"तुला कळत न्हाई," ते म्हणाले. "मधला माणूस बशी परत सारतो म्हंजे काय हे तुला ठावं न्हाई. औंधला एकदा मला ताप होता. पोह्याला हात लावला न्हाई. पोरीकडच्यांनी धरलं, नानाला पोराचं काहीतरी कळलंय अन् तो बोलत न्हाई. मोडली सोयरीक. चांगली पोरगी, दोन वर्षं घरात बसली. आजपण तिचा बाप दिसला की मी रस्ता बदलतो."

"मग सांगायचं, पोटाचं पथ्य आहे."

"किती घरी सांगू? अन् रोगट माणूस शुभकार्यात कोण बोलावतं? दोरा बसवला की मी मोकळा. कुणाच्याबी घरी काहीबी खाईन."

"आणि भूक?"

"काय करायचीय भूक?"

तेव्हा मला राहवलं नाही. "मला हवी आहे," मी म्हटलं. "तुम्ही घरी भुकेले यायला हवे आहात मला. इतकी वर्षं मी भरल्या पोटाच्या माणसाला वाढतेय, नाना. तुम्ही पानावर बसता ते माझ्यावर उपकार केल्यासारखे. मला वाटायचं, माझ्याच रांधण्यात काही खोट आहे. आता कळलं की तसं नाही, तर तुम्ही ती भूकच कायमची काढून टाकायला निघालात."

गाडी आपली आपण चालत होती, त्यामुळे दोघांनाही समोर बघत बसण्याशिवाय काम नव्हतं. शेवटी नाना म्हणाले, "जाऊबाईला विचारलं व्हतंस काय आमटीचं?"

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"दादा म्हणाला व्हता. मी हसण्यावारी नेलं." मग खिडकीबाहेर बघत म्हणाले, "गोळ्या सुरू करू. तुळशीचं लग्न झालं की निमसोडला घाडग्यांच्या ईश्वरीची बैठक हाय. ती बिनखाण्याची करून बघतो. बिघडली, तर दोरा. मग तू आडवं यायचं न्हाई."

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

गोळ्या संपल्या, दिवाळी झाली. चकलीला नानांनी हात लावला तो जेवणाच्या ताटातच. निमसोडला मीही बरोबर गेले. सकाळी घरून भाकरी खाऊन निघालो, नंतर फक्त पाणी. घाडग्यांचं घर सारवल्यासारखं लख्ख होतं. ईश्वरी जनावरांची डॉक्टर. चहाचा ट्रे घेऊन न येता सरळ येऊन खुर्चीवर बसली, मला आवडली. मुलाकडचे कोरेगावचे, मुलगा, त्याचे आईवडील आणि एक मिशाळ मामा. बोलणी छान चालली होती. आणि मग पोहे आले.

नानांनी बशी घेतली आणि समोरच्या टीपॉयवर ठेवली. सगळ्यांनी खायला सुरुवात केली, पण नानांचा हात मांडीवरच राहिला. आधी ईश्वरीच्या आईनं बघितलं. मग बोलणं हळूहळू विरळ होत गेलं. मामांचा चमचा बशी आणि मिशीच्या मधे थांबला. मुलाच्या आईनं नवऱ्याकडे बघितलं. मला औंधची ती पोरगी आठवली, जिला मी कधी बघितलंही नव्हतं, आणि पहिल्यांदाच वाटलं की नानांचं खरं होतं.

"नाना," घाडगे म्हणाले, "काही चुकलं का आमचं?"

नानांचा हात बशीकडे गेला. चार घास. चार घासांनी सगळं सुरळीत झालं असतं. मी खिडकीतून बाहेर बघायला लागले. मी डोळे वटारले म्हणून त्यांनी थांबावं, असं मला नको होतं.

"न्हाई चुकलं," नाना म्हणाले. "स्थळ सोन्यासारखं हाय, दोन्हीकडनं. मी सांगतोय म्हंजे तपासून सांगतोय. पण घाडगे, घरोघरचा च्या पिऊन माझं आतडं बंद पडायला आलंय. डॉक्टरनं सांगितलंय, वेळ सोडून घास न्हाई. आजपासनं मी कुणाच्याच घरी खात न्हाई. पहिलं घर तुमचं, एवढंच."

ईश्वरीची आई दारात उभी होती. तिला पोटाचं कळलं होतं, पण तिचा चेहरा काही खुलला नव्हता. "म्हंजे माझ्या घरनं तसंच उठणार?" ती म्हणाली.

नानांनी ती बशी उचलली, दोन्ही हातांनी, आणि तिच्यापुढे धरली. "तसं कसं, वहिनी? बांधून द्या. घरी जेवायच्या वेळेला मी अन् ही मिळून खाऊ. अन् डबा द्यायला मला परत यावं लागंल. रिकामा न्हाई आणणार."

ती बाई बशी घेऊन आत गेली ती लगबगीनं. आतून भांड्यांचे आवाज आले. बाहेर आली तेव्हा हातात दोन पुडाचा डबा होता, पोहे, वर करंज्या, लाडू. कोपऱ्यातली म्हातारी आत्या म्हणाली, "मधला माणूस भरला डबा घेऊन निघाला. आता काय राहिलं?" मामांचा चमचा पुन्हा चालू झाला. ईश्वरी नानांना म्हणाली, "काका, गुरांनापण रवंथ करायला वेळ द्यावाच लागतो." सगळे हसले, नानाही हसले. तारीख बघायचं तिथंच ठरलं.

परतीच्या वाटेवर ऊन कलायला लागलं होतं. डबा नानांच्या मांडीवर होता. औंधची गोष्ट निघाली नाही, दोऱ्याचीही नाही. मला त्यांचं फार कौतुक वाटत होतं आणि ते कसं सांगावं ते सुचत नव्हतं. पुसेगाव मागे पडलं आणि नाना एकदम ताठ बसले.

"वैजू. परत सुरू झालं वाटतं."

मी त्यांच्याकडे वळले. "काय होतंय?"

"कळत न्हाई. फुगलं न्हाई. दुखत पण न्हाई तसं. पोकळ वाटतंय. आतनं कुणीतरी ओढल्यागत." त्यांच्या कपाळावर आठ्या होत्या. "गोळ्या वाया गेल्या बहुतेक. समीनाला सांग, दोऱ्याची तारीख तशीच ठेव म्हणावं."

तेवढ्यात त्यांच्या पोटातून आवाज आला, गुर्रर्र असा लांबलचक, मलाही ऐकू येईल एवढा. मी त्यांच्या पोटावर हात ठेवला. पोट सपाट होतं, मऊ होतं, आणि हाताखाली काहीतरी सरकत खाली चाललं होतं. इतकी वर्षं मी मुलांना फळ्यावर आतडं काढून दाखवलं, पण असं हाताला कधी लागलं नव्हतं.

मला हसू आलं आणि हसता हसता डोळे भरून आले.

"अहो, तुम्हाला भूक लागलीय."

नानांनी माझ्याकडे बघितलं. मी थट्टा करतेय असं त्यांना वाटलं असावं. मग ते आत कान लावून बसले, विसरलेल्या माणसाचं नाव आठवायला बसावं तसे. डब्याच्या झाकणावर हात गेला, तो त्यांनी स्वतःच मागे घेतला.

"पोह्यातले कांदे मी वेचून काढीन," मी म्हटलं.

"पोहे राहू दे. घरी काय केलंयस?"

घरी काहीच केलेलं नव्हतं. बैठकीहून आलेल्या माणसासाठी काही करून ठेवायची वेळच कधी आली नव्हती. मी तसं सांगितलं. घर येईपर्यंत त्यांनी तेच आणखी दोनदा विचारलं.

"गेल्या गेल्या भाकरी टाकते," मी म्हटलं.

"लवकर टाक," नाना म्हणाले.